माळावर अनोळखी शिकारी पक्षी दिसला? आधी घार पाठ करा

दिवाळी झाली, माळरानावरचं गवत पिवळं पडलं की पुणे, नगर, सोलापूरच्या बाजूला शिकारी पक्षी बघायचा खरा सीझन सुरू होतो, आणि त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर "हा कोणता गरुड आहे?" असं विचारत धुरकट फोटो फिरायला लागतात. त्यातले बरेचसे घारीचेच असतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शिकारी पक्षी ओळखणं हे मुळातच अवघड प्रकरण आहे, कारण पक्षी लांब असतो, उन्हाच्या दिशेला असला की नुसता काळा दिसतो, नर-मादी वेगळे, पिल्लं तिसरीच, आणि काही जाती तर अशा की दोन पक्षी शेजारी बसले तरी एका जातीचे वाटत नाहीत. त्यामुळे नवीन माणसाने पुस्तक उघडून गरुडांच्या पानावर रंग जुळवत बसू नये, डोकं फिरतं आणि हाताला काही लागत नाही.

माझं सरळ म्हणणं आहे, आधी घार पाठ करा. घार पक्की झाली की प्रत्येक अनोळखी पक्ष्याला एकच प्रश्न विचारायचा असतो, हा घारीपेक्षा कशात वेगळा आहे? खाली जे लिहिलंय ते सगळं याच प्रश्नाभोवती आहे.

१. घार

घार कुठे मिळेल हे सांगायला नको. मटण मार्केट, कचरा डेपो, एसटी स्टँडमागचं मैदान, कुठेही. एखाद्या रविवारी गच्चीत खुर्ची टाकून तासभर फक्त घारी बघा, दुर्बिणीने बघा आणि नुसत्या डोळ्यांनी पण बघा. पंख लांब, मनगटाच्या जागी वाकून थोडे मागे गेलेले. शेपटी मिटलेली असताना टोकाला खाच. पण वळण घेताना घार शेपटी पूर्ण पसरते आणि तेव्हा ती खाच गायब होते, टोक सरळ कापल्यासारखं दिसतं, आणि बरोबर इथेच नवीन माणूस "खाच नाही म्हणजे घार नाही" म्हणून गरुडापर्यंत जाऊन पोचतो. म्हणून एका नजरेत निकाल लावायचा नाही, दोन-तीन गिरक्या होऊ द्या, शेपटी मिटली की खाच दिसतेच.

मला खाचेपेक्षा जास्त भरवशाची वाटते ती दुसरी खूण, घार शेपटी सतत पिळत असते. पंख जवळजवळ स्थिर आणि शेपटी मात्र सुकाणूसारखी एकदा डावीकडे कलती एकदा उजवीकडे, चालूच. उंचावर असली, खाच दिसत नसली तरी हे पिळणं दिसतं. एकदा डोळ्यात बसलं की मग पाठ सोडत नाही, गाडीतून जाताना पण कळतं.

घारीचं पिल्लू मात्र त्रास देतं. पहिल्या वर्षाच्या घारीच्या अंगावर फिकट रेघा-ठिपके असतात, डोळ्यामागे गडद पट्टा उठून दिसतो, खाच पण उथळ असते. शिवाय थंडीत उत्तरेकडून थोड्या दांडग्या घारी येतात, त्यांच्या पंखाखाली टोकाकडे पांढरट डाग मोठा असतो. पण शेपटीचं पिळणं सगळ्यांचं सारखंच.

२. पहिलं अर्धं मिनिट

पक्षी दिसला रे दिसला की कॅमेरा उचलायचा ही सवय सोडा. निदान पहिलं अर्धं मिनिट तरी. तेवढ्यात जे बघायचं असतं ते फोटोत येत नाही, म्हणजे तो उडतोय कसा, पंख किती वेळाने हलवतोय, कावळे त्याच्याशी कसे वागतायत. मी सांगतो ते करून बघा, मोबाईलवर व्हॉइस नोट लावा आणि दिसेल ते बोलत सुटा. "घारीपेक्षा लहान, कावळ्याएवढा असेल, पंख टोकदार, शेपटी लांब, विजेच्या तारेवरून उठला, शेतावर एका जागी फडफडतोय." घरी जाऊन ऐकलं की निम्मं काम झालेलं असतं. आठवणीवर ठेवू नका, पुस्तक उघडलं की आठवण पुस्तकातल्या चित्रासारखी होत जाते.

आकाराच्या बाबतीत कबुतर, कावळा, घार ही तीन मापं पुरतात. मोकळ्या आभाळात एकट्या पक्ष्याचा आकार सांगणं मात्र कोणालाच नीट जमत नाही, शेजारी कोणीतरी लागतो. सुदैवाने शिकारी पक्षी दिसला की कावळे आणि कोतवाल पक्षी मागे लागतातच, ते फुकटचं माप आहे, वापरा. कावळा त्याच्यापुढे लहान वाटत असेल तर घार किंवा मोठं काहीतरी. कावळ्याएवढाच असेल तर तिसा वगैरे. कावळ्यापेक्षा लहान असेल तर शिक्रा, कापशी, खरुची यांच्याकडे वळा (हे सगळे कोण, ते पुढे येतंय).

३. पंख आणि शेपटी

इथे जात ओळखायची नाही, नुसतं घराणं ओळखायचंय.

पंख रुंद, टोकाला बोटं पसरल्यासारखी सुटी पिसं आणि पक्षी घारीएवढा किंवा मोठा, तर गरुड किंवा गिधाड. गिधाडाचं डोकं खूपच लहान दिसतं आणि शेपटी आखूड, पंखांच्या मानाने मागे काही आहे की नाही असं वाटतं. पंख निमुळते टोकदार, उडणं ताठ आणि वेगाचं, तर ससाण्याच्या घराण्यातला. पंख आखूड गोलसर आणि शेपटी लांब, झाडांमधून चार-पाच वेळा भराभर पंख मारून थोडं तरंगणार, परत भराभर, तर शिक्रा. पंख लांब, शेपटी लांब, अंग सडपातळ आणि तरंगताना पंख वर उचलून इंग्रजी व्ही केलेला, गवताला घासून चालल्यासारखा खालून जातोय, तर भोवत्या, म्हणजे हॅरियर.

तो व्ही फार कामाचा आहे. घार तरंगताना पंख सपाट किंवा किंचित खाली झुकवून ठेवते. बरेचसे गरुड पंख सरळ आडवे धरतात. सर्पगरुड मात्र थोडे वर उचलतो. समोरून किंवा मागून पक्षी जाताना हे बघायचं, खालून बघून कळत नाही.

४. तो करतोय काय

माळावर उभं राहिलं की सगळ्यात आधी लक्ष जातं ते हवेत एका जागी फडफडत थांबलेल्या पक्ष्याकडे. आपल्याकडे हे नियमित करणारे तीनच डोक्यात ठेवा, कापशी, खरुची आणि सापमार गरुड. घार हे करत नाही, वाऱ्यावर क्षणभर लटकली तर लटकली.

कापशी आधी घेऊ, कारण ती बारा महिने असते आणि सगळीकडे असते. पांढरी-राखाडी, कबुतरापेक्षा जराशी मोठी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. तारेवर बसली की शेपटी सावकाश वर-खाली करते, पंख थोडे सैल सोडून. हवेत थांबली की पाय लोंबते सोडते, मग पंख वर धरून एक टप्पा खाली येते, परत थांबते, परत एक टप्पा, जणू अजून ठरत नाहीये, आणि शेवटी गवतात. उठली की पायात बहुतेक वेळा उंदीर. शेतकऱ्याचं एवढं काम फुकटात करणारी पाखरं फार नाहीत, आणि तरी बऱ्याच जणांना ही कोण हे माहीत नसतं. दिवस मावळता मावळता तर हमखास बघायला मिळते.

खरुची वेगळी. पाठ विटकरी, तिच्यावर काळे ठिपके, शेपटी लांब आणि टोकाला काळा पट्टा. ती वाऱ्याकडे तोंड करून शेपटी पसरून थांबते आणि पंख कितीही थरथरले तरी डोकं जागचं हलत नाही, दुर्बिणीतून बघा, ते बघण्यासारखंच आहे. थंडीत माळावर येते, आणि सह्याद्रीतल्या कड्यांवर काही बारमाही पण असतात.

तिसरा सापमार. हा मोठा, घारीपेक्षा दणकट, आणि एवढं धूड हवेत एका जागी थांबलेलं दिसलं की नाव जवळजवळ ठरलंच. खालून पोट आणि पंख फिके पांढरट, डोकं-गळा गडद, डोकं मोठं आणि डोळे पिवळे. कधीकधी तोंडातून साप लोंबत असतो, मग काय प्रश्नच मिटला. याला तुरेवाल्या सर्पगरुडाशी गोंधळू नका, तो जंगलाचा, ताम्हिणी-भीमाशंकर-आंबोलीकडचा, पंखांच्या मागच्या काळ्या कडेलगत रुंद पांढरा पट्टा असणारा, आणि सकाळी ऊन तापलं की वर चढून मोठ्याने शिट्ट्या मारणारा. त्याचं वर बघायच्या आधीच ऐकू येतं.

आवाजाबद्दल एक सांगून ठेवतो. शिक्र्याचा आवाज आला म्हणजे शिक्रा आहेच असं नाही, कोतवाल त्याची नक्कल झकास करतो. आधी पक्षी बघा.

५. कुठे बसलाय आणि किती वाजलेत

सकाळी कोवळ्या उन्हात शिकारी पक्षी बसलेले सापडतात, खांब, तारा, वाळकं झाड, बांध, दगड. हीच बघायची वेळ, कारण पक्षी शांत असतो आणि ऊन तिरपं असतं. साडेनऊ-दहानंतर जमीन तापली की गरम हवेवर घिरट्या घेत वर चढतात, मग खालून आकार नीट बघता येतो पण रंग विसरा. संध्याकाळी भोवत्ये मुक्कामाला गवताळ माळावर जमतात आणि जमिनीवरच झोपतात, झाडावर नाही, म्हणून तेव्हा गवतात पायी घुसू नका, कडेनं गाडीत बसून बघा.

कमी उंचीच्या खांबावर किंवा बाभळीवर तास-तासभर ढिम्म बसलेला, कावळ्याएवढा, तपकिरी पक्षी दिसला तर आधी तिसा धरा. डोळा पांढरा, गळा पांढरा आणि त्यावर मधोमध एक काळी उभी रेघ. लहान तिशाचे डोळे तपकिरी असतात, तेव्हा पांढरा डोळा नाही म्हणून लगेच बाद करू नका. शिक्र्याच्या गळ्यावर पण रेघ असते, पण शिक्रा लहान, प्रौढ नराची पाठ निळसर राखाडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा आणि डोळे लाल. शिवाय शिक्रा असा उघड्यावर फार वेळ बसत नाही, लिंबाच्या किंवा आंब्याच्या पानांआड असतो, आणि तिथे आहे हे खारींच्या ओरडण्यावरून कळतं.

उजनी, जायकवाडीसारख्या धरणाच्या पाण्यावर खांबावर बसलेला, पोट पांढरं आणि डोळ्यातून काळी पट्टी गेलेला पक्षी असेल तर ऑस्प्रे, मासे खाणारा. कोकणात किनाऱ्यावर मोठा पांढरा-राखाडी पक्षी, शेपटी आखूड पाचरीसारखी, पंख वर उचललेले, तर समुद्री गरुड. आणि डोकं-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, शेपटी गोल, ती ब्राह्मणी घार, खाडी-बंदरांत आणि तलावांवर भरपूर. किल्ल्यांवर कड्याला चिकटून सुसाट जाणारा टोकदार पंखांचा पक्षी बहुधा शाहीन ससाणा किंवा खरुची, आणि जंगलाच्या शेंड्यांवरून अगदी संथ तरंगणारा सबंध काळा, पाय आणि चोचेचं मूळ पिवळं, तो काळा गरुड.

जिथे ट्रॅक्टरची नांगरट चालू असेल किंवा गवताला आग लागली असेल तिथे थांबा. बगळे, घारी, खरुची, भोवत्ये सगळे उंदीर आणि नाकतोडे पकडायला येतात, आणि तुलना करायला सगळे एकाच चौकटीत मिळतात.

६. महिना

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. भोवत्ये साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत जातात. त्यामुळे जून-जुलैत माळावर "भोवत्या" दिसला तर आधी परत बघा. अमूर ससाणे तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास नागालँडकडून येऊन आपल्यावरून जातात आणि पुढे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत, लहान, टोकदार पंखांचे, पाय नारिंगी, बऱ्याचदा एकापेक्षा जास्त असतात आणि हवेतच किडे पकडून उडता उडता खातात. मार्चनंतर याचा उलटा एक घोळ होतो तो पावशाचा. पावशा शिकारी पक्षी नाहीच, कोकिळेचा भाऊबंद, पण रंग, शेपटीचे पट्टे, उडणं सगळं शिक्र्यासारखं, लहान पाखरं पण त्याला बघून पळतात. बसला की चोच बघा, आकडा नाही, सरळसर आहे, डोळ्याभोवती पिवळी कडा आणि अंग आडवं. थोडं थांबलात तर "पेरते व्हा" म्हणायला लागेल आणि स्वतःच नाव सांगेल.

७. रंग सगळ्यात शेवटी

रंग शेवटी का, ते मधुबाजावरून कळतं. हा मोहोळं फोडून खाणारा, बऱ्याच गावांजवळ असतो, आणि रंगाने पांढऱ्यापासून काळपट तपकिरीपर्यंत काहीही. पोटावर रेघा असतील, नसतील, पट्टे असतील, नसतील. पण डोकं नेहमी लहान आणि मान लांब, उडताना पुढे कबुतराचं डोकं जोडल्यासारखं दिसतं. म्हणजे जे बदलत नाही त्यावर जायचं. बूटेड ईगल पण असाच, हिवाळी पाहुणा, घारीएवढा, पाठीवरचे फिके पट्टे पण घारीसारखे, एक रूप तपकिरी एक पांढरं, पण शेपटीला खाच नाही, ती पिळत नाही, आणि समोरून येताना मानेच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे ठिपके गाडीच्या दिव्यांसारखे दिसतात.

एक उदाहरण घेऊ

डिसेंबर, संध्याकाळचे साडेचार, सुप्याच्या आसपास ज्वारीचं शेत आणि पलीकडे माळ. एक पक्षी पिकाच्या कणसांवरून हातभर उंचीवर चाललाय. कावळा जवळून गेला, पक्षी त्याच्यापेक्षा किंचित मोठा आणि खूप सडपातळ. घार? नाही, शेपटी लांब, खाच नाही, पिळत नाही, आणि तरंगताना पंखांचा स्पष्ट व्ही. घराणं ठरलं, भोवत्या. महिना जुळतो, जागा जुळते. आता रंग, वरून तपकिरी आणि वळताना शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. म्हणजे दलदली भोवत्या नाही, त्याच्या मादीला असा पांढरा डाग नसतो, ती गडद आणि डोक्यावर साय फासल्यागत फिकी. उरले माँटेग्यूचा आणि पांढुरका. नर असता तर सोपं होतं, दोघेही राखाडी पण माँटेग्यूच्या पंखावर वरच्या बाजूला काळी रेघ आणि पांढुरक्याच्या टोकाला फक्त काळी पाचर. हा नर नाही. मादी आणि पिल्लांमध्ये मानेभोवतीचा फिका पट्टा, पंखाखालचे पट्टे असलं बघावं लागतं, आणि हा पक्षी तर आता लांब गेला.

मग वहीत लिहायचं, "भोवत्या, मादी किंवा पिल्लू, माँटेग्यू किंवा पांढुरका." झालं. ही पूर्ण नोंद आहे, अर्धवट नाही. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, सुद्धा नुसतं हॅरियर म्हणून नोंदवायची सोय आहे, जाणकार लोक ती सर्रास वापरतात. जबरदस्तीने नाव चिकटवलेली नोंद मात्र पुढे दुसऱ्यांना पण गंडवते.

फोटो, दुर्बीण, अ‍ॅप

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, १० बाय घेतली की हात हलतो आणि उडता पक्षी चौकटीत ठेवणं नवीन माणसाला जड जातं. फोटो काढायचाच तर एक नको, ओळीने काढा, वळतानाचा, खालून, आणि जमलं तर वरची बाजू दाखवणारा. पक्षी आभाळावर काळा येत असेल तर एक्सपोजर एक-दीड स्टॉप वाढवा, आभाळ पांढरं पडलं तरी चालेल, पोटावरच्या रेघा दिसतात. कोणाला विचारायला फोटो पाठवाल तेव्हा जागा, तारीख, वेळ आणि काय करत होता हे सोबत लिहा, नुसता "आयडी प्लीज" म्हणून सोडू नका. मर्लिनसारखी पक्षी ओळखून देणारी अ‍ॅप उपयोगाची आहेत, जागा आणि तारीख टाकली की यादी बरीच आटोपशीर होते, पण धुरकट फोटोतल्या उडत्या तपकिरी पक्ष्यावर तिने दिलेलं पहिलं नाव घेऊन नाचू नका, घारीचा प्रश्न तिथेही विचारा.

घरटं सापडलं तर लांबूनच बघा आणि लोकेशन ग्रुपवर टाकू नका, पक्षी उठून गेला की अंडी उन्हात भाजतात, आणि माणसांची वर्दळ वाढली की कावळ्यांचं पण लक्ष जातं. पतंगाच्या मांज्यात अडकलेला किंवा तारेला धडकून पडलेला पक्षी मिळाला तर नखांपासून सांभाळा, चोचीपेक्षा पंजा जास्त लागतो, अंगावर जाड कापड टाकून डोकं झाका, हवेला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी-मटण तोंडात कोंबू नका आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. घरी ठेवून पाळायचा विचार सुद्धा नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.